साडेसदतीस डिग्री

पुण्याहून दोडामार्गकडे निघाले तेव्हा गाडीत चार खोकी होती आणि डोक्यात एक समजूत होती, की मी इथलीच आहे. कुडाळजवळ माहेर, शाळा-कॉलेज जिल्ह्यातच झालेलं, त्यामुळे लोक मला पाहून दारं उघडतील, बाह्या सरसावतील आणि म्हणतील, घे बाई, हवं तेवढं रक्त घे.

मला खरंच रक्त हवं होतं. आमच्या प्रयोगशाळेत मी माकडतापावर काम करते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे हा ताप आता सगळ्यांना माहीत आहे. जंगलात माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, काजूच्या बागेत पालापाचोळ्यात काम करणाऱ्या माणसाला चावतात आणि माणूस आठ-पंधरा दिवस फणफणतो. कधी त्याहून वाईट होतं. बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात विषाणूची आठवण किती उरते, हा माझा विषय. ही आठवण दोन ठिकाणी असते. एक रक्तातल्या प्रतिपिंडांत. ती मोजणं सोपं. दुसरी पांढऱ्या पेशींत. ती मोजणं म्हणजे वैताग. रक्त घ्यायचं, त्यातून पेशी वेगळ्या करायच्या, मोजायच्या, विषाणूचे तुकडे दाखवायचे, एक-दोन दिवस उबेत ठेवायच्या आणि मग भिंगाखाली ठिपके मोजत बसायचं. हे सगळं रक्त ताजं असेपर्यंत. दोडामार्गहून रक्त पुण्याला पोचेपर्यंत पेशी इतक्या थकलेल्या असत, की विषाणू दाखवला काय नि न दाखवला काय, त्यांना फरक पडत नसे.

म्हणून आम्ही सोपी पद्धत बसवत होतो. पेशी वेगळ्या करायच्याच नाहीत. अख्खं रक्त थेट नळीत घालायचं, नळीत आधीच विषाणूचे निर्जीव तुकडे. शरीराइतक्या उबेत सोळा-अठरा तास ठेवायचं. पेशींना ओळख पटली तर त्या एक रसायन सोडतात. दुसऱ्या दिवशी वरचं पिवळं पाणी कागदी पट्टीवर टाकायचं. एक रेघ उमटली म्हणजे पट्टी चालते आहे, दुसरीही उमटली म्हणजे पेशींनी ओळखलं. चार दिवसांचं काम एका दिवसावर, आणि तेही गावातच. पुण्यात हे चाललं होतं. गावात चालतं का, ते बघायला मी स्वतःहून हात वर केला होता. "ते माझे लोक आहेत," असं बैठकीत म्हणालेही होते. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

गावातल्या उपकेंद्रात आशाताई माझी वाट बघत होत्या. या भागात कुणाला ताप आला, कुणाच्या बागेत माकड मेलं, हे सरकारला कळायच्या आधी त्यांना कळतं. मी त्यांच्यावर छाप पाडायला माझी मालवणी बाहेर काढली. वीस वर्षं पुण्यात राहून ती बरीच गंजली आहे, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"लोकांका सांगा, माका तुमचा रगत व्हया," मी म्हणाले.

आशाताईंनी पदर तोंडाला लावला. "मॅडम, असा म्हणालास तर लोक रानात पळतले. तुमी मराठीतच बोला. पुढचा मी बघतंय."

पहिल्या दिवशी त्यांनी एकाच माणसाला बोलावलं होतं. आधी एकावर जमतंय का बघा, मग गाव गोळा करू, हा त्यांचा हिशोब. ते काका सत्तरीचे, सडपातळ, काजूची बाग स्वतः राखणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांना माकडताप झाला होता. गोव्यातल्या हॉस्पिटलात बारा दिवस होते. त्यांच्याबरोबर त्यांची सून आली होती, तिशीची, कमी बोलणारी.

मी काकांना पेशी समजावून सांगायला घेतल्या. सैनिक, छावणी, शत्रूची वर्दी, असं बरंच काही. दहा मिनिटं काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या कुत्र्यासारख्या. तेका एकदा वाघाचो वास कळलो, की परत वास इल्याबरोबर भुंकता. तुमी ता भुंकणा मोजतास."

याहून नेमकं मला विद्यापीठातही कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या सैनिकांचं सैन्य जागच्या जागी बरखास्त झालं.

खरी अडचण निराळीच निघाली. पुण्याहून आणलेली उबेची पेटी मी प्लगला जोडली. काट्यावर पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस आलं. मग दिवे मंदावले, पेटीने एक बारीक शिट्टी मारली आणि ती बंद पडली. वीज आली, गेली, पुन्हा आली. पेटी मात्र आली नाही. मी बटणं दाबली, तार हलवली, पुण्याला फोन केला. तिकडून सांगितलं, व्होल्टेज स्थिर ठेवा. जणू व्होल्टेज माझ्या पर्समध्ये होतं.

"किती गरम व्हया तुमका?" काकांच्या सुनेने विचारलं. तोपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

"सदतीस डिग्री," मी म्हणाले. "पण अगदी काटेकोर. अर्धा अंशसुद्धा..."

"माझ्या पेटयेत साडेसदतीस आसता. इन्व्हर्टर लावलेलो आसा. लाइट गेली तरी पाच तास चलता."

तिची पेटी अंडी उबवायची होती. घरामागच्या खोलीत ती कोंबड्यांची पिल्लं काढून आसपासच्या गावांना देत असे. फ्रीजएवढं कपाट, आत पंखा, पाण्याची तबकडी, बाहेर लाल आकडे. मी माझा थर्मामीटर आत ठेवला आणि अर्धा तास अविश्वासाने बघत बसले. साडेसदतीस. अर्धा अंश वर, पण चालण्यासारखं, आणि हलायला तयार नाही. पुण्यातली आमची मोठी पेटीसुद्धा दार उघडलं की रुसते.

"ह्यातले ट्रे तासातासान कलांडतत," ती म्हणाली. "तुमच्या नळ्यांका चलात?"

"नाही, त्या उभ्या राहायला हव्यात."

"मगे खालच्या कप्प्यात ठेवा. थंय पिल्लां भायर येतत, तो कप्पो हलत नाय. आज रिकामो आसा."

तेव्हा जागा ठरली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिथेच येऊन काकांचं रक्त घेतलं आणि मग माझं. माझं रक्त हवं होतं, कारण ज्याला कधी माकडताप झालेला नाही असा माणूस तुलनेला लागतो. मी पुण्यात राहते, रानात जात नाही, गोचीड मला चावलेली नाही. माझी दुसरी रेघ उमटता कामा नये, काकांची उमटायला हवी. इतकी सरळ गोष्ट.

हिरव्या टोपणाच्या दोन मोठ्या नळ्या माझ्या हातात आल्या. मी त्यांतलं रक्त छोट्या नळ्यांत वाटलं, सगळ्या हळूच खालीवर केल्या, आणि हे करताना माझं तोंड चालूच होतं. आशाताईंना आणि सुनेला मी समजावत होते की प्रयोगशाळेत शिस्त कशी असते, एक चूक झाली तर सगळं काम कसं वाया जातं, पुण्याला आमच्याकडे मुलामुलींना मी किती रागावते. बोलता बोलता चिठ्ठ्या चिकटवल्या. एक नंबर काकांचा, दोन नंबर माझा. नळ्या खालच्या कप्प्यात गेल्या. वरच्या ट्रेमध्ये दीडशे अंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी नळ्या काढल्या, फिरवल्या, वरचं पाणी पट्ट्यांवर टाकलं. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. कोविडपासून दोन रेघांचं शास्त्र सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे चारही डोकी पट्ट्यांवर वाकली.

एक नंबरच्या पट्टीवर एकच रेघ आली. दोन नंबरच्या पट्टीवर दोन. ठळक, गुलाबी.

दोन नंबर म्हणजे मी.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? थांबला असता. मी मात्र उडालेच. मला कधी ताप आला नाही आणि तरी माझ्या पेशी विषाणू ओळखतात! मी तिथेच, कोंबड्यांच्या खोलीत, सिद्धांत मांडला. लहानपणी आम्ही आजोळी रानात हिंडायचो. तेव्हा एखाद्या भावकीतल्या विषाणूशी गाठ पडली असणार, तीच ओळख या विषाणूलाही लागू पडते आहे. या मातीत वाढलेल्या माणसांना जन्मजात... असं मी काहीतरी बोलत होते. 'माती' हा शब्द मी वापरला, हे नक्की आठवतं.

"आणि माजा काय?" काकांनी विचारलं.

"तुमची रेघ नाही आली," मी घाईत म्हणाले. "तीन वर्षं झाली ना, पेशी विसरल्या असतील. होतं असं."

असा एका माणसाचा, एका पट्टीचा, पहिल्या चाचणीचा निकाल त्याला सांगायचा नसतो. हे नियमांत लिहिलेलं आहे आणि ते नियम लिहिणाऱ्या समितीसमोर मी स्वतः हे कलम वाचून दाखवलं होतं. पण मी तोवर फोन कानाला लावला होता. काका केव्हा उठून गेले, मी पाहिलंही नाही.

पुण्याला आमचे विभागप्रमुख आहेत. मितभाषी गृहस्थ. माझा सिद्धांत त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"लेबलं कोणी लावली?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः, सर."

"म्हणूनच विचारतोय."

मला याचा राग आला. इतका, की पुढचे दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही. ते दोन दिवस मी माहेरी, आईच्या ओटीवर बसून, पुढच्या परिषदेत करायच्या भाषणाची सुरुवात लिहिली. आई म्हणाली, "लहानपणी तू रानात खंय हिंडलंस गो? तुका तर मुंग्येचा पण भय." मी म्हणाले, तुला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी आशाताईंचा फोन आला.

"मॅडम, तुमी काकांका काय सांगितलास?"

"का? काय झालं?"

"दोन दिस बागेत गेले नाय. काजी पडून रवल्यो हत. सून एकटी वेचता. मी इचारलंय तर म्हणतत, माजो आतलो कुत्रो मेलो, आता रानात कसो जाव?"

मी लगेच निघाले. वाटेत गाडीत मी काकांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, पट्टी बघताना तो कसा झाला होता ते. काही आठवेना. कारण मी त्या वेळी माझी पट्टी बघत होते.

काका घरात नव्हते, शेजारी गेले होते. सून अंड्यांवर पेन्सिलीने तारखा टाकत बसली होती. मी तिच्याजवळ बसले. ती एकेक अंडं उचलून, लिहून, ट्रेमध्ये ठेवत होती.

"एक इचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "रागावूचा नाय."

"विचार ना."

"त्या दिशी तुमी रगत आधी वतलास आणि नंबर मागाहून लावलास. मी बघल्लंय. मी अंड्यार आधी लिवतंय, मगे ट्रेत ठेवतंय. एकदा ट्रेत गेला की सगळी अंडी सारकीच."

हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या. दोन्ही सारख्याच. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी डाव्या हातात कुठली धरली होती? मी तेव्हा शिस्तीबद्दल बोलत होते.

सुदैवाने नंबर लावलेल्या छोट्या नळ्यांत उरलेलं रक्त उपकेंद्राच्या फ्रीजमध्ये होतं. नर्सबाईंकडे रक्तगट तपासायचे थेंब असतात. माझा गट ओ. काकांच्या हॉस्पिटलच्या कागदावर बी लिहिलेलं होतं. नर्सबाईंनी काचेवर माझ्या नंबराच्या नळीतला थेंब घेतला, औषध टाकलं, काडीने ढवळलं. रक्त गुठळ्या होऊन फुटलं. बी. मग काकांच्या नंबराची नळी. ओ.

नर्सबाईंनी काच माझ्यापुढे सरकवली. माझी मालवणी, माझं माहेर, माझी माती, सगळं त्या काचेवर पडलेलं होतं. मी त्यांच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि सांगितलं, लेबलं उलटी लागली होती. विभागप्रमुख म्हणाले, "पद्धत चालते आहे, म्हणजे. अभिनंदन." ते चेष्टा करत होते की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी काका घरी आले. मी ओटीवर उभी होते. बसा म्हणाले, सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"काका, माझी चूक झाली," मी म्हणाले. "तुमचं रक्त माझ्या नावावर लागलं आणि माझं तुमच्या. दोन रेघा तुमच्या होत्या. ओळख तुमच्याच पेशींना आहे. मला काहीच नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे ता सगळा तुमी आजोळाचा नि रानाचा सांगीत होतास..."

"ते सगळं खोटं. म्हणजे, तुमच्या रक्तावर मी स्वतःची गोष्ट रचली."

काका हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, तिकडे बघत म्हणाले, "तुमका ठाऊक नाय बाय. त्या बारा दिसांत माका वाटला, संपला. तेवापासून बागेत जाताना मी मनात म्हणतंय, एकदा झालो, परत येवचो नाय. तेच्यार मी जातंय. तुमी म्हणालास इसरलो, तेवा पायच उठाक नाय."

"मगे आता सांगा. दोन रेघा माज्यो. म्हणजे परत येवचो नाय मां?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तीन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर मी म्हणालेही असते, वर एखादा सिद्धांत जोडला असता.

"माहीत नाही, काका," मी म्हणाले. "तुमच्या पेशी त्याला ओळखतात, एवढंच पट्टी सांगते. ओळखल्यावर त्याला अडवतीलच का, ते अजून कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. ते शोधायलाच आलेय."

चहा आला. काकांनी बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले. "ह्या बरा झाला," ते म्हणाले. "कुत्रो भुंकता, म्हणान वाघ येवचो नाय असा थोडाच. तेल लावन जातंय." आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. आरोग्य खात्याने दिलेलं गोचिडीचं तेल हातापायांना चोपडून, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून. मी मुद्दाम पहाटेच जाऊन, बांधावरून, त्यांना आत जाताना पाहिलं.

पुढे महिनाभर आशाताईंनी रोज चार-पाच माणसं आणली. नळ्यांवर नंबर आता सून घालत असे. रक्त येण्याच्या आधी, पेन्सिलीने नव्हे तर न पुसणाऱ्या शाईने, आणि ते मी तपासत नसे, कारण गरज नव्हती. तीच रक्तं आम्ही जुन्या पद्धतीनेही तपासली. त्यासाठी गाडी भरधाव पुण्याला पाठवावी लागे. बहुतेक ठिकाणी दोन्ही पद्धती जुळल्या. काही ठिकाणी जुळल्या नाहीत. का, ते अजून शोधतो आहोत. दोनदा इन्व्हर्टर दगावला आणि त्या दिवसाच्या नळ्या फेकाव्या लागल्या. सुनेची अंडीही गेली, आणि तिला माझ्या नळ्यांपेक्षा अंड्यांचं वाईट वाटलं, ते बरोबरच होतं. कामाचा अहवाल लिहिताना मी "अंडी उबवण्याची पेटी" असं लिहिलं. विभागप्रमुखांनी ते खोडून "स्थानिक उपलब्ध तापनियंत्रित कक्ष" केलं. मी पुन्हा अंडी घातली. शेवटी अंडी राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी मी बागेत फोटो काढायला गेले. फोटो अहवालासाठी, तेल न लावता, सँडल घालून. परत येऊन पाय धुताना डाव्या घोट्याला तीळ दिसला. मला तिथे तीळ नाही. तिळाला पाय होते.

आता या विषयातली तज्ज्ञ मी. गोचीड चिमट्याने, कातडीजवळ धरून, सरळ ओढून काढायची, हे मी शेकडो लोकांना दाखवलेलं. मी बोटाने खरवडली आणि ओरडले. आशाताई धावत आल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि चिमट्याने ती काढून तपासणीला पाठवायच्या डबीत टाकली.

पुण्याला आल्यावर आठ दिवस मी थर्मामीटर उशाशी ठेवून राहिले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तोंडात. अंगदुखी वाटायची, जिना चढल्याने असावी. डोकं दुखायचं; ते मला नेहमीच दुखतं. माझ्या पेशींना या विषाणूची काडीइतकी ओळख नाही, हे सिद्ध करणारा कागद माझ्याच टेबलावर होता आणि तो मी रोज वाचायचे. आशाताईंना रोज फोन.

"ताप इलो?" त्या विचारायच्या.

"नाही. पण अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ आहे."

"जेवलास?"

"भूक नाही."

"मॅडम," आठव्या दिवशी आशाताई म्हणाल्या, "ती गोचीड तपासून इली. तिच्यात काय एक नाय. तुमका सांगूक सकाळपासून फोन करतंय, पण तुमचो फोन लागना नाय."

फोन लागत नव्हता, कारण मी सकाळपासून डॉक्टरांना लावत होते. मी थर्मामीटर खाली ठेवला आणि पिठलंभात करायला घेतला.